पाच गुणांचा फरक : ऑडी आणि पोर्शे, २०१४ ते २०१६

२०१५ चा जागतिक एन्ड्युरन्स, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या मोटार शर्यतींच्या अजिंक्यपदाचा हंगाम बहारीनमध्ये संपला, तेव्हा ड्रायव्हरांच्या गुणतक्त्यात पोर्शेच्या १७ नंबरच्या गाडीचे १६६ गुण होते आणि ऑडीच्या ७ नंबरच्या गाडीचे १६१. आठ शर्यती झाल्या होत्या. सात शर्यती सहा-सहा तासांच्या आणि एक फ्रान्समधल्या ले माँची चोवीस तासांची, म्हणजे एकूण ६६ तासांची धाव. एवढं धावून फरक पडला पाच गुणांचा. त्यातही गंमत अशी, की शर्यतीतल्या क्रमांकांचे गुण तेवढे मोजले तर दोन्ही गाड्या १६१ वर बरोबरीत येतात. पोर्शेच्या गाडीने पाच वेळा पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीत पहिलं येऊन सगळ्यांच्या पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली होती, प्रत्येक पोलचा एक गुण, आणि विजेतेपद त्या पाच गुणांवर गेलं.

या दोन्ही गाड्या फोक्सवॅगन गटाच्या. एकाच गटाच्या तिजोरीतून दोन संघ, दोन इंजिनं, दोन हायब्रिड यंत्रणा उभ्या राहिल्या आणि तीन वर्षं एकमेकांशी जिवाच्या आकांताने भिडल्या. मोटरस्पोर्टच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल. या प्रकरणाचा शेवट बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितला जातो : डिझेल घोटाळा (गटाच्या डिझेल गाड्या प्रदूषण चाचण्यांत फसवणूक करत होत्या तो) उघडकीला आला आणि ऑडीने ले माँ सोडलं. मला हे वाक्य अपुरं वाटतं. पैशाचं कारण घोटाळ्याने पुरवलं, हे खरंच. पण तांत्रिक निकाल त्याच्या आधीच, डांबरावर लागत आला होता, आणि तो लावला तो घरातल्याच दुसऱ्या संघाने. हे कसं झालं ते नीट पाहण्यासारखं आहे.

घर एकच

ऑडी आणि पोर्शे यांचं नातं केवळ समभागांचं नाही. पोर्शेने ले माँ पहिल्यांदा सर्व वर्गांत पहिली येऊन जिंकलं ते १९७० मध्ये, ९१७ या गाडीने. ती गाडी उभी करणारा तरुण अभियंता होता फर्डिनांड पिएख, म्हणजे फर्डिनांड पोर्शे यांचा नातू. हाच पिएख पुढे १९७२ मध्ये ऑडीत गेला आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या क्वाट्रोसारख्या कामांतून त्याने त्या कंपनीला तिची आजची ओळख दिली. १९९३ मध्ये तो फोक्सवॅगनचा प्रमुख झाला आणि नंतर पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष. ऑडीच्या ले माँ गाड्या ज्या योस्ट संघाने चालवल्या, त्याचीही गोष्ट अशीच. राइनहोल्ड योस्ट यांच्या या संघाने १९८४, १९८५, १९९६ आणि १९९७ साली ले माँ जिंकलं होतं, आणि चारही वेळा गाडी पोर्शेची किंवा पोर्शे इंजिनाची होती.

२००० पासून मात्र ले माँवर ऑडीचंच राज्य होतं. २०१४ पर्यंतच्या पंधरा वर्षांत तेरा विजय. २००६ मध्ये डिझेल इंजिनाने जिंकलेली पहिली शर्यत ऑडीची, २०१२ मध्ये हायब्रिडने जिंकलेली पहिली शर्यतही ऑडीचीच. मधल्या २००३ च्या विजयावर बेंटलीचं नाव आहे. बेंटलीही याच गटातली आणि तिच्या गाडीत ऑडीचं इंजिन होतं. म्हणजे भावंडांना पुढे करण्याचा प्रकार गटाला नवा नव्हता. फरक इतकाच, की तेव्हा ऑडीचा कारखाना संघ शर्यतीत नव्हता आणि मैदान बेंटलीसाठी मोकळं होतं.

२०११ मध्ये पोर्शेने जाहीर केलं की २०१४ साली आपण ले माँच्या सर्वोच्च वर्गात परत येणार. तोवर पोर्शेचे सोळा विजय होते आणि शेवटचा होता १९९८ चा. पुढच्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०१२ मध्ये, पोर्शेची गाड्या बनवणारी कंपनी पूर्णपणे फोक्सवॅगन गटात आली. गटासमोर प्रश्न उभा राहिला : एक ब्रँड आधीच जिंकतोय, दुसऱ्याला त्याच शर्यतीत का उतरवायचं? उत्तर नव्या नियमांत होतं.

नियमांनी उघडलेलं दार

२०१४ च्या नियमांनी इंजिनाचा आकार, सिलिंडरांची संख्या, पेट्रोल की डिझेल, हे सगळं जवळपास मोकळं सोडलं. बांधून ठेवली ती ऊर्जा. एका फेरीत किती इंधन जाळायचं याला मर्यादा आणि इंधन किती वेगाने वाहू द्यायचं यालाही मर्यादा. हायब्रिड यंत्रणेतून फेरीमागे किती ऊर्जा परत वापरायची याचे चार वर्ग केले : २, ४, ६ आणि ८ मेगाज्यूल. जितका वरचा वर्ग, तितकं इंधन कमी. पण एकूण हिशेबात वरच्या वर्गाला नियमांनी झुकतं माप दिलं होतं, कारण आयोजकांना उत्पादकांनी तिकडेच जावं असं वाटत होतं.

आपल्या वीजबिलाच्या भाषेत ८ मेगाज्यूल म्हणजे सुमारे सव्वादोन युनिट. ले माँची फेरी १३.६ किलोमीटरची, आणि या गाड्या ती सव्वातीन मिनिटांच्या आसपास पूर्ण करत. तेवढ्या वेळात ब्रेक मारताना किंवा धुरातून वाया जाणारी सव्वादोन युनिट ऊर्जा पकडायची, साठवायची आणि पुन्हा चाकांना द्यायची. हे चोवीस तास, दर फेरीला. आणि सगळं ८७० किलोंच्या गाडीत बसवायचं.

तिथे तीन कारखाने तीन वेगळी उत्तरं घेऊन आले. टोयोटाने मोठं, टर्बोशिवायचं पेट्रोल व्ही८ इंजिन आणि वीज साठवायला सुपरकपॅसिटर घेतला. ऑडी आणि पोर्शेची उत्तरं तर एकमेकांच्या उलट दिशेला होती.

दोन वाटा

ऑडीचं इंजिन होतं ४ लिटरचं व्ही६ टर्बो डिझेल. डिझेलवर त्यांचा हात बसलेला होता आणि टीडीआय हे त्यांच्या डिझेल इंजिनांचं नाव ऑडी विकत असलेल्या गाड्यांच्या जाहिरातींचा कणा होतं. ऊर्जा साठवायला त्यांच्याकडे बॅटरी नव्हती, फ्लायव्हील होतं : ड्रायव्हरच्या शेजारी, निर्वात डब्यात, मिनिटाला ४५,००० फेऱ्यांपर्यंत फिरणारं कार्बन फायबरचं चाक. ब्रेक मारला की पुढच्या चाकांवरची मोटर वीज तयार करणार, त्या विजेवर फ्लायव्हील वेगाने फिरणार, आणि वळणातून बाहेर पडताना तीच ऊर्जा पुढच्या चाकांना परत मिळणार. फ्लायव्हील झटकन ऊर्जा घेतं आणि झटकन देतं, बॅटरीसारखं थकत नाही. पण त्यात मावते थोडी. एका ब्रेकिंगपासून पुढच्या वळणापर्यंत ते उत्तम काम करतं. लांबच लांब सरळ रस्त्यावर पुरवून पुरवून वापरण्याइतका साठा मात्र त्यात नसतो.

पोर्शेच्या वाइसाख इथल्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्यांपुढे जुनं काहीच नव्हतं, आणि माझ्या मते हीच त्यांची सगळ्यात मोठी मिळकत होती. त्यांनी निवडलं २ लिटरचं व्ही४ टर्बो पेट्रोल इंजिन. ले माँच्या मानाने ते अगदीच चिमुकलं. सुरुवातीच्या चाचण्यांत या इंजिनाची थरथर इतकी होती की क्रँकशाफ्ट नव्याने आखावा लागला. ऊर्जा साठवायला लिथियम-आयन बॅटरी आणि सगळी यंत्रणा ८०० व्होल्टची. आणि खरी चलाखी धुराच्या वाटेवर होती. पुढच्या चाकांच्या ब्रेकिंगमधून वीज मिळायचीच, शिवाय इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर आणखी एक छोटं टर्बाइन फिरायचं आणि त्याला जोडलेला जनित्र वीज तयार करायचा. परत मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ६० टक्के ब्रेकिंगमधून यायची आणि ४० टक्के धुरातून.

हा ४० टक्क्यांचा भाग का महत्त्वाचा, ते समजून घ्यायला हवं. ब्रेकमधून ऊर्जा मिळते ती फक्त ब्रेक मारताना. ले माँ ही लांब सरळ रस्त्यांची शर्यत आहे. तिथे गाडी फेरीचा बराच मोठा भाग पूर्ण ॲक्सिलरेटरवर धावते, आणि नेमकी तेव्हा ऑडीची यंत्रणा रिकामी बसायची. पोर्शेची बॅटरी मात्र गाडी वेग घेत असतानाही भरत असे. ऑडीलाही हे दिसत होतं. २०१४ च्या गाडीसाठी त्यांनीही धुरातून ऊर्जा मिळवण्याची यंत्रणा आखली होती आणि हंगाम सुरू होण्याआधी सोडून दिली. डिझेल इंजिनाच्या धुराचं तापमान पेट्रोलपेक्षा कमी असतं, त्यामुळे त्यातून काढण्यासारखी ऊर्जाही कमी. शिवाय डिझेलमध्ये सिलिंडरातला दाब जास्त, म्हणून इंजिन दणकट करावं लागतं, म्हणजेच जड. जड इंजिन घेतलं की किमान वजनाच्या हिशेबात हायब्रिड यंत्रणेला उरतात थोडेच किलो. म्हणून २०१४ मध्ये ऑडी सगळ्यात खालच्या, २ मेगाज्यूलच्या वर्गात उतरली. पोर्शे आणि टोयोटा ६ मध्ये.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच आहे. एकही शर्यत सुरू होण्याआधी, कागदावर, ऑडीने ज्या वर्गाला नियमांचं झुकतं माप होतं तो सोडून दिला होता.

तरीही ऑडी जिंकली

आणि तरी २०१४ चं ले माँ ऑडीने जिंकलं. ज्यांना फक्त गणितावर विश्वास ठेवायचा आहे त्यांनी ही शर्यत पुन्हा पाहावी.

बुधवारच्या सरावात लोइक द्युवालची गाडी भयंकर वेगात कुंपणावर आदळली. ऑडीच्या माणसांनी नव्या सांगाड्यावर अख्खी गाडी पुन्हा उभी केली आणि द्युवालच्या जागी मार्क जेने बसला. शनिवारी पावसात तिसरी ऑडी अपघातात बाद झाली. रात्रभर टोयोटा पुढे होती, मग वायरिंगच्या बिघाडाने ती थांबली. उरलेल्या दोन्ही ऑडींना शर्यत चालू असताना टर्बो बदलावा लागला. रविवारी दुपारी, शेवटचे दोन-अडीच तास उरलेले असताना, मार्क वेबरची पोर्शे आघाडीवर होती. सोळा वर्षांनी परतलेल्या संघाचा पहिलाच प्रयत्न, आणि समोर विजय. मग ती गाडी मंदावली आणि गॅरेजमध्ये गेली. लॉटरर, फॅसलर आणि ट्रेलुये यांची ऑडी पहिली आली, दुसरी ऑडी दुसरी.

जिंकणाऱ्या गाडीच्या रेस इंजिनिअर होत्या लीना गाडे. भारतीय आईवडिलांच्या पोटी ब्रिटनमध्ये जन्मलेल्या. २०११ मध्ये ले माँ जिंकणाऱ्या गाडीच्या त्या पहिल्या महिला रेस इंजिनिअर ठरल्या होत्या, आणि २०१४ चा हा त्यांचा तिसरा विजय. बिघाडानंतर बिघाड होत असताना शांत डोक्याने गाडी परत रस्त्यावर आणण्याची ऑडीची जी ताकद होती, ती अशा माणसांमुळे होती. इंधन आणि मेगाज्यूलच्या तक्त्यात तिला रकाना नसतो.

त्या वर्षीची ड्रायव्हरांचं आणि उत्पादकांचं अशी दोन्ही अजिंक्यपदं टोयोटाने नेली. हंगामाच्या शेवटच्या, साओ पावलोच्या शर्यतीत पोर्शेच्या या गाडीला, म्हणजे ९१९ ला, पहिला विजय मिळाला.

२०१५ : भावंडं समोरासमोर

पुढच्या वर्षी पोर्शे बहुतांश नवी गाडी घेऊन थेट ८ मेगाज्यूलमध्ये गेली. असं करणारी ती एकटीच. ऑडी २ वरून ४ वर आली. टोयोटा मागे पडली आणि हंगाम दोन भावंडांचा झाला.

एप्रिलच्या सिल्व्हरस्टोनमध्ये दोन तंत्रांतला फरक उघड्या डोळ्यांनी दिसला. ऑडीत मार्सेल फॅसलर, पोर्शेत नील जानी. दोघेही स्वित्झर्लंडचे. जानीचे वडील भारतीय, म्हणजे त्या दुपारी ऑडीच्या पिट भिंतीवर गाडे आणि पोर्शेच्या स्टिअरिंगवर जानी, अशी दोन आपल्याकडची नावं समोरासमोर होती. सरळ रस्त्यावर पोर्शेच्या विजेचा धक्का असा की ऑडी जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. वळणांमध्ये ऑडी तिची जागा परत घ्यायची. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा पोर्शे पुढे. सहा तासांनी ऑडी पाच सेकंदांपेक्षा कमी फरकाने जिंकली. मेच्या सुरुवातीला स्पामध्येही ऑडीच.

या दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत वोल्फ्सबुर्गमध्ये, गटाच्या मुख्यालयात, वेगळाच संघर्ष चालला होता. पिएखचं गटाचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांच्याशी बिनसलं, आणि २५ एप्रिलला पिएखने पर्यवेक्षक मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. ज्याने पोर्शेला पहिलं ले माँ मिळवून दिलं आणि ऑडीला मोठं केलं, तो माणूस या दोघांच्या सर्वांत चुरशीच्या हंगामात, दुसऱ्या शर्यतीआधी आठवडाभर, गटाबाहेर पडला.

जूनमध्ये ले माँ. दोघांच्याही तीन-तीन गाड्या. पोर्शेने आपल्या गाड्या लाल, काळ्या आणि पांढऱ्या रंगात रंगवल्या होत्या, त्यातला लाल १९७० च्या विजयी ९१७ ची आठवण म्हणून. जानीने ३ मिनिटं १६.८८७ सेकंदांत पोल मिळवली. पण शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी कुणाची? आंद्रे लॉटररची, ऑडीतून, ३ मिनिटं १७.४७५ सेकंद. पोर्शेच्या निम्म्या मेगाज्यूलच्या वर्गातली, जड इंजिनाची डिझेल गाडी, आणि पोर्शेच्या पोलपेक्षा जेमतेम सहा दशांश सेकंदाने मंद. तीही शर्यतीत, रहदारीतून वाट काढत. डिझेल संथ होतं म्हणून ऑडी हरली, असं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

हरण्याची कारणं वेगळी होती. ७ नंबरच्या गाडीचं इंजिनावरचं आवरण सुटलं आणि वेळ गेला. एक ऑडी अपघातात अडकली, एकीच्या हायब्रिड यंत्रणेने त्रास दिला. पोर्शेची पांढरी १९ नंबरची गाडी मात्र रात्रभर न चुकता धावत राहिली. ती खरं तर तिसरी, जास्तीची गाडी होती. निको हल्कनबर्ग, अर्ल बँबर आणि निक टँडी हे तिघेही सर्वोच्च वर्गातल्या ले माँला नवखे. हल्कनबर्ग तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये फोर्स इंडियासाठी धावत होता. त्यांनी ३९५ फेऱ्या केल्या, दुसऱ्या पोर्शेने ३९४, आणि तिसऱ्या आलेल्या ऑडीने ३९३. पोर्शेचा सतरावा विजय.

त्यानंतर पोर्शेने मागे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये न्युर्बुर्गरिंग, मग ऑस्टिन, फुजी, शांघाय, सगळीकडे १७ नंबरची गाडी पहिली. ऑडीची ७ नंबरची गाडी या चारही वेळा दुसरी किंवा तिसरी. ही चिकाटी मला आजही थक्क करते. गाडी प्रतिस्पर्ध्यापेक्षा मंद झालेली असताना एकही शर्यत वाया जाऊ न देता शेवटच्या फेरीपर्यंत अजिंक्यपदाच्या दावेदारीत राहायचं, हे काम साधं नाही.

बहारीनला १७ नंबरच्या पोर्शेत बिघाड झाला, ती पाचवी आली. ऑडी दुसरी आली आणि १८ गुण मिळाले. पहिली आली असती तर २५ मिळाले असते, म्हणजे सात जास्त, आणि अजिंक्यपद ऑडीचं झालं असतं. पहिली आली ती पोर्शेची १८ नंबरची गाडी. म्हणजे शेवटी पोर्शेच्या एका गाडीने दुसरीचं अजिंक्यपद वाचवलं.

तारखा

आता घोटाळ्याकडे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नियमभंगाची नोटीस दिली ती १८ सप्टेंबर २०१५ ला, शुक्रवारी. ऑस्टिनची शर्यत दुसऱ्या दिवशी होती. टेक्सासमध्ये, त्याच देशात, त्या शनिवारी पोर्शे पहिली आली आणि ऑडीच्या दोन डिझेल गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या. आठवडाभरात विंटरकॉर्न गेले आणि पोर्शेचे प्रमुख माथियास म्युलर गटाचे प्रमुख झाले.

१ नोव्हेंबरला शांघायमध्ये पोर्शेने उत्पादकांचं अजिंक्यपद निश्चित केलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतून दुसरी नोटीस आली, या वेळी ३ लिटरच्या व्ही६ डिझेल इंजिनांबद्दल. ही इंजिनं ऑडीने घडवलेली, आणि त्या यादीत पोर्शेची कायेनही होती.

आपल्याकडेही याचे पडसाद उमटले. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने भारतातल्या सुमारे ३.२३ लाख डिझेल गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. त्यात फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी अशा तिन्ही नावांच्या गाड्या होत्या. चाकण आणि औरंगाबादजवळचं शेंद्रा इथे गटाचे कारखाने असल्यामुळे महाराष्ट्रात ही बातमी केवळ परदेशातली राहिली नाही.

शर्यतीच्या डिझेल इंजिनाचा या लबाडीशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट म्हणायला हवं. ज्यांनी ते इंजिन घडवलं त्यांच्यावर हा अन्याय होता, असं मला मनापासून वाटतं. पण टीडीआय या ज्या शब्दासाठी ते इंजिन धावत होतं, तो शब्दच आता जाहिरातीत वापरता येईनासा झाला होता.

२०१६ : ऑडी पोर्शेच्या वाटेवर

घोटाळ्यानंतर दोघांनीही ले माँसाठी तिसरी गाडी रद्द केली. २०१६ साठी ऑडीने आणलेली आर१८ जवळजवळ संपूर्ण नवी होती. फ्लायव्हील गेलं, लिथियम-आयन बॅटरी आली, वर्ग ६ मेगाज्यूल झाला. डिझेल इंजिन कायम. ऊर्जा साठवण्याच्या प्रश्नावर पोर्शेचं उत्तर बरोबर होतं, हे ऑडीने याहून स्पष्टपणे मान्य करण्याची गरज नव्हती. पण बॅटरी घेतली तरी धुरातून मिळणारी वीज त्यांच्याकडे नव्हतीच, आणि नव्या यंत्रणेला मुरायला जो वेळ पोर्शेने २०१४ मध्ये घेतला होता तो ऑडीला २०१६ मध्ये हवा होता.

गाडी वेगवान होती. सिल्व्हरस्टोनला ती पहिली आली, पण गाडीखालची पट्टी मर्यादेपेक्षा जास्त झिजल्यामुळे बाद ठरली आणि विजय पोर्शेला मिळाला. स्पा ऑडीने जिंकलं. ले माँला मात्र टर्बो आणि इतर बिघाडांनी गाठलं. त्या वर्षीचं ले माँ जग लक्षात ठेवतं ते टोयोटासाठी, शेवटची काही मिनिटं उरली असताना आघाडीवरची गाडी थांबली त्यासाठी. पोर्शे जिंकली आणि ऑडी तिसरी आली, पण बारा फेऱ्या मागे. आदल्या वर्षी हे अंतर दोन फेऱ्यांचं होतं.

२६ ऑक्टोबर २०१६ ला ऑडीने जाहीर केलं की हंगामाअखेर आपण एन्ड्युरन्स सोडून विजेवरच्या फॉर्म्युला ई कडे जाणार. १९ नोव्हेंबरला बहारीनमध्ये शेवटची शर्यत झाली. ऑडी पहिली, ऑडी दुसरी.

हिशेब

तीन हंगामांत २५ शर्यती झाल्या. पोर्शेने १३ जिंकल्या, ऑडीने ६, टोयोटाने ६. दोन भावंडांनी मिळून १९. गटाच्या दृष्टीने पाहिलं तर हे यश प्रचंड आहे.

पण माझ्या मते गटाला मिळालेली खरी गोष्ट चषकात मोजता येत नाही. एकाच नियमाखाली, एकाच रस्त्यावर, दोन तत्त्वं एकमेकांसमोर तपासून पाहता आली, आणि दोन्हींच्या मागे तितकीच कसलेली माणसं होती. बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरलं की कारणं शोधता येतात : त्यांचं बजेट मोठं, नियम त्यांच्या सोयीचे. घरातल्याच संघाकडून हरल्यावर ही पळवाट राहत नाही. डिझेल आणि फ्लायव्हील ही जोडी २०१२ मध्ये सर्वोत्तम होती, तेव्हा हायब्रिडचा वाटा छोटा होता. तो वाटा मोठा होऊ लागला तसं जड इंजिन आणि थंड धूर हे अडथळे झाले. ऑडीला हे २०१३ च्या हिवाळ्यातच कळलं असणार, धुराची यंत्रणा सोडून दिली तेव्हा. पण टीडीआयची जाहिरात चालू असताना पेट्रोल इंजिन आणणं त्यांना शक्य नव्हतं. पोर्शेच्या गळ्यात असं काही नव्हतं, म्हणून ती मोकळेपणाने निवड करू शकली.

म्हणून मी घोटाळ्याला एकमेव कारण मानत नाही. घोटाळा झाला नसता, तरी ऑडीला दोनएक वर्षांत डिझेल सोडावंच लागलं असतं, निदान ८ मेगाज्यूल गाठायचे तर. फक्त तेव्हा ती पेट्रोल इंजिन घेऊन परत आली असती, आणि आपल्याला आणखी काही सिल्व्हरस्टोन पाहायला मिळाले असते.

या व्यवस्थेची किंमतही होती. पैशाची चणचण आली की दोनपैकी एकाला जावं लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आणि एक गेला की दुसऱ्याच्या असण्याचा अर्थही निम्मा होतो. लॉटरर २०१७ मध्ये पोर्शेत आला, जानीच्याच गाडीत. ले माँच्या रविवारी ते दोघे आणि टँडी मोठ्या आघाडीवर असताना इंजिनाने साथ सोडली, आणि दुसऱ्या पोर्शेने मागून येऊन एकोणिसावा विजय मिळवला. त्याच जुलैमध्ये पोर्शेनेही निघून जाण्याची घोषणा केली. वर्गात मोठ्या कारखान्यांपैकी टोयोटा एकटी उरली.

९१९ ची ८०० व्होल्टची यंत्रणा २०१९ मध्ये टायकान या रस्त्यावरच्या गाडीत आली. त्याच पायावर २०२१ मध्ये ऑडीची ई-ट्रॉन जीटी उभी राहिली.

२०२३ पासूनच्या नव्या नियमांत पोर्शे ९६३ ही गाडी घेऊन परतली. ऑडीचीही तशीच गाडी पोर्शेबरोबर आखली जात होती. २०२२ मध्ये ती थांबवली गेली आणि ऑडी फॉर्म्युला वनकडे वळली. गटातली दुसरी भावंड म्हणून २०२४ मध्ये लॅम्बोर्गिनी आली. दोन भावंडं पुन्हा एका रांगेत उभी राहिली खरी, पण या दोघींच्या गाड्या ज्या नियमप्रकारावर बनल्या त्यात सगळ्यांची हायब्रिड यंत्रणा एकसारखी असते : मोटर एकाच पुरवठादाराची, बॅटरी एकाची, गिअरबॉक्स एकाचा. खर्च आटोक्यात आला आणि शर्यतीत उतरणाऱ्या कारखान्यांची गर्दी वाढली. ऊर्जा कुठून पकडायची आणि कशात साठवायची, हा प्रश्न मात्र अशा गाड्या बनवणाऱ्या कुणाही संघाने सोडवायचा उरलेला नाही.